शंका-समाधान : जुने मोठ्या फ्रेमचे रिव्हॉल्व्हर घेताना आणि चालवताना

नेमबाजीविषयी आलेल्या पत्रांत या वेळी अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांची पत्रे अधिक आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचा रोख स्मिथ अँड वेसन या मूळच्या स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्स येथील कंपनीच्या जुन्या मोठ्या फ्रेमच्या (सांगाड्याच्या), म्हणजे ‘एन फ्रेम’च्या रिव्हॉल्व्हरकडे आहे. निवडक प्रश्नांना खाली उत्तरे दिली आहेत. शेवटचा प्रश्न साताऱ्याचा आहे. त्यातले शस्त्र इंग्रजी बनावटीचे असले तरी विषय जवळचा असल्यामुळे तोही घेतला आहे.

प्रश्न : मला ग्रीन कार्ड मिळाले असून आता एक जुने मोठे रिव्हॉल्व्हर घ्यायचे आहे. मॉडेल २९, मॉडेल २८ आणि १९१७चे लष्करी रिव्हॉल्व्हर अशी तीन माझ्या डोळ्यांसमोर आहेत. महिन्यातून दोन-तीनदा रेंजवर जाऊन चालवायचे, एवढाच हेतू आहे. यांतले कोणते घ्यावे? (ऑस्टिन, टेक्सास)

आपण हेतू स्पष्ट लिहिला आहे, त्यामुळे उत्तर सोपे झाले. चालवण्यासाठी घ्यायचे असेल तर मॉडेल २८ घ्यावे, आणि तेही थोडे वापरलेले, कडांवरचे ब्लूइंग (पोलादावरचा काळसर निळा थर) पिस्तूलपेटीत घासून पुसट झालेले, परंतु आतून निरोगी असलेले.

कारण समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल. एन फ्रेमची सुरुवात १९०८च्या सुमारास बाजारात आलेल्या ‘ट्रिपल लॉक’ या .४४ स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरने झाली. काडतुसे धरणारा फिरता सिलिंडर ज्या आसावर बाहेर झुकतो त्या क्रेनपाशी त्यात तिसरे कुलूप होते, आणि कारागिरीच्या दृष्टीने ते आजही जाणकारांना मोहात पाडते. १९३५ मध्ये याच फ्रेमवर .३५७ मॅग्नम आले. त्याची पहिली प्रत एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांना दिली गेली, आणि पहिली काही वर्षे प्रत्येक रिव्हॉल्व्हर गिऱ्हाइकाने सांगितलेल्या नळीच्या लांबीचे व साइटचे (नेम धरण्याच्या खुणांचे) बनवून नोंदणी प्रमाणपत्रासह दिले जाई. पुढे त्यालाच मॉडेल २७ हा क्रमांक मिळाला. वरच्या पट्टीवरची बारीक चौकटी नक्षी आणि आरशासारखी झिलई यांमुळे ते महाग पडे. पोलिसांना तेवढी चमक नको होती, पोलाद मात्र तेच हवे होते. म्हणून १९५४ मध्ये ‘हायवे पेट्रोलमन’ या नावाने मंद झिलईचे स्वस्त भावंड निघाले. तेच १९५७ पासून मॉडेल २८ झाले आणि १९८६ पर्यंत बनत राहिले. यंत्रणा, फ्रेम, पोलादाची प्रत या बाबतींत २७ आणि २८ यांत फरक नाही. फरक पॉलिशवाल्याने खर्च केलेल्या तासांचा आहे, आणि आपल्याला ते तास विकत घेण्याचे कारण दिसत नाही.

मॉडेल २९ हे .४४ मॅग्नमचे. रेमिंग्टन कंपनीचे काडतूस आणि स्मिथ अँड वेसनचे रिव्हॉल्व्हर अशी ही जोडी १९५५च्या अखेरीस तयार झाली आणि १९५६ मध्ये लोकांसमोर आली. यामागे एल्मर कीथ या रांचवाल्या लेखकाचा कित्येक वर्षांचा पाठपुरावा होता. पुढे १९७१च्या एका चित्रपटाने या मॉडेलची कीर्ती इतकी वाढवली की आजही त्याच्या किमतीत पडद्यावरच्या लोकप्रियतेचा वाटा असतो. बंदूक उत्तम आहे, परंतु पहिली बंदूक म्हणून नव्हे. शिवाय जुन्या २९मधून सतत पूर्ण दाबाची काडतुसे उडवली, तर सिलिंडर पुढे-मागे हलू लागतो आणि त्याची वेळ चुकू लागते, म्हणजे काडतुसाचे घर नळीसमोर योग्य क्षणी येत नाही. कंपनीने पुढे आतील भागांत सुधारणा केल्या, त्या याच तक्रारीपोटी.

१९१७चे रिव्हॉल्व्हर पहिल्या महायुद्धात पिस्तुले अपुरी पडली म्हणून काढले गेले. ते .४५ एसीपी हे बिनकडेचे काडतूस चालवते, म्हणून तीन-तीन काडतुसे अर्धचंद्राकार पत्र्याच्या क्लिपमध्ये अडकवून भरतात. ही क्लिप म्हणजे युद्धकाळातील एक फार देखणी युक्ती आहे. मात्र हे शंभर वर्षांपूर्वीचे पोलाद आहे, साइट बारीक आणि न हलणारी आहे, आणि आजची जादा दाबाची काडतुसे त्यात कधीही घालू नयेत. दुसरी बंदूक म्हणून त्याचा जरूर विचार करावा.

मॉडेल २८चा आणखी एक फायदा आहे. त्यात .३८ स्पेशल काडतूसही चालते, जे स्वस्त आणि सौम्य असते. मधल्या फ्रेमच्या मॉडेल १९मध्ये नळीच्या मागच्या तोंडाचा खालचा भाग जागेअभावी सपाट कापलेला असतो आणि हलक्या, वेगवान मॅग्नम गोळ्यांनी तिथे तडा जाण्याची उदाहरणे आहेत. एन फ्रेममध्ये तिथे भरपूर पोलाद असल्यामुळे ही काळजी जवळजवळ उरत नाही. सुमारे बाराशे ग्रॅम वजन कमरेला बोचते खरे, पण रेंजवर तेच वजन आपल्या बाजूने काम करते.

प्रश्न : दुकानात किंवा गन शोमध्ये जुने रिव्हॉल्व्हर हातात आल्यावर नेमके काय तपासावे? विक्रेता ‘अगदी घट्ट आहे’ असे म्हणतो, पण मला त्यातले कळत नाही. (एडिसन, न्यू जर्सी)

प्रथम विक्रेत्याची परवानगी घ्यावी, सिलिंडर उघडून काडतुसांची सहाही घरे रिकामी असल्याचे डोळ्यांनी आणि बोटाने पाहावे, आणि मगच पुढे जावे. परवानगी न घेता दुसऱ्याच्या रिव्हॉल्व्हरचा हॅमर (काडतुसावर घाव घालणारा घोडा) ओढणे हे असभ्यपणाचे समजले जाते, आणि चित्रपटातल्यासारखा मनगटाच्या झटक्याने सिलिंडर बंद करणारा ग्राहक पाहिला की अनुभवी दुकानदार बंदूक परत मागून घेतो. ते योग्यच आहे, कारण त्या झटक्याने क्रेन वाकते.

सर्वांत महत्त्वाची परीक्षा वेळेची आहे. हॅमर अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढावा आणि सिलिंडर कुलपात बसल्याचा आवाज हॅमर पूर्ण चढण्याच्या आधी किंवा निदान त्याच क्षणी येतो का, हे पाहावे. सहाही घरांसाठी असे करावे, कारण पुष्कळदा पाच घरे बरोबर असतात आणि एकच मागे राहते. झपाट्याने हॅमर ओढला तर सिलिंडर स्वतःच्या वेगाने जागेवर जातो आणि दोष झाकला जातो. विक्रेते दाखवताना नेहमी झपाट्याने ओढतात, हे ध्यानात असू द्यावे.

त्यानंतर हॅमर चढवून ठेवून, चापाला स्पर्श न करता, अंगठ्याने हॅमर पुढे ढकलून पाहावा. तो निसटला तर कोणीतरी आत कानस चालवली आहे असे समजून रिव्हॉल्व्हर परत करावे. इथे घासाघीस करू नये. ते धोकादायक आहे.

मग सिलिंडर बंद असताना तो पुढे-मागे हलवून पाहावा. नुसता जाणवेल न जाणवेल इतकाच हलावा. सिलिंडरचे तोंड आणि नळी यांमधील फट जाड-बारीक पात्यांच्या गेजने मोजता येते, ०.००६ इंच असेल तर उत्तम, ०.०१०च्या आत असेल तर समाधानकारक, त्याहून बरीच जास्त असेल तर दुरुस्तीचा खर्च धरून किंमत ठरवावी. नळीचे मागचे तोंड टॉर्चने पाहावे, तिथे तडा किंवा खोल खरबरीतपणा नको. फ्रेमच्या वरच्या पट्टीला आतून ज्वाळेने पडलेली बारीक खाच दिसते; ती काही मर्यादेपर्यंत वाढते आणि थांबते, म्हणून तेवढ्यावरून घाबरू नये.

आता ओळखीच्या खुणा. क्रेन उघडली की फ्रेमच्या खाचेत मॉडेलचा क्रमांक कोरलेला दिसतो, उदाहरणार्थ ‘२८-२’. तो १९५७ नंतरच्या बंदुकांवर असतो. आडव्या रेषेनंतरचा आकडा अभियांत्रिकीतले बदल दाखवतो. संग्राहक ज्या खुणांसाठी जास्त पैसे मोजतात त्या दोन : नळी फ्रेममध्ये आडव्या पिनने पक्की केलेली असणे, आणि काडतुसाची कड आत बुडावी म्हणून सिलिंडरची घरे मागून खोलगट असणे. १९८२च्या सुमारास या दोन्ही गोष्टी बंद झाल्या. नेमबाजीवर त्याचा परिणाम होत नाही; किमतीवर होतो. डाव्या बाजूला सिलिंडर उघडण्याच्या खटक्याच्या वर किल्लीचे छोटे भोक दिसले तर ती बंदूक २००१ किंवा त्यानंतरची आहे, मग विक्रेता तिला कितीही ‘क्लासिक’ म्हणो.

आपल्या राज्यात प्रत्येक हँडगनसाठी आधी खरेदीचा स्वतंत्र परवाना काढावा लागतो. तो हातात असल्याशिवाय गन शोमध्ये मन गुंतवू नये. दुसऱ्या राज्यातली बंदूक आवडली तर ती आपल्या राज्यातील परवानाधारक विक्रेत्याकडेच मागवावी लागते आणि तिथे अर्ज व पार्श्वभूमी तपासणी होऊनच ताब्यात मिळते.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर आहे. मित्राचे रिव्हॉल्व्हर त्याच्यासोबत रेंजवर नुसते चालवून पाहिले तर चालेल का? (सिएटल)

नाही. बिगर-स्थलांतरित व्हिसावरील व्यक्तीने बंदूक किंवा काडतूसही बाळगणे हा संघराज्याच्या कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि रेंजवर काही मिनिटे हातात घेणेही त्यातच मोडते. जाणूनबुजून देणारा मित्रही अडचणीत येतो. कायद्यात अपवाद आहेत, आणि त्यांतला नेहमी उपयोगी पडणारा अपवाद म्हणजे एखाद्या राज्याने दिलेला वैध शिकारीचा परवाना. तो काढल्यावरही राज्याचे नियम वेगळे लागू होतात, म्हणून आपल्या इमिग्रेशन वकिलाचे लेखी मत घेऊनच पुढे जावे. आपल्या मंडळींमध्ये ‘ऑफिसचे सगळेच जातात’ या भरवशावर रेंजवर जाण्याची पद्धत दिसते. ग्रीन कार्डच्या अर्जाच्या वेळी तो भरवसा उपयोगी पडत नाही.

प्रश्न : मी सहा इंची मॉडेल २८ घेतले आहे. त्यावर निकेल चढवावे, नळी कापून चार इंची करावी, चाप हलका करावा आणि मूठ बदलावी, असा बेत आहे. कोणते काम आधी करावे? (कोलंबस, ओहायो)

मूठ आधी बदलावी, आणि ते झाल्यावर निदान वर्षभर बाकीच्या गोष्टींना हात लावू नये.

आपल्या यादीत परत फिरवता येणारी आणि न येणारी अशी दोन्ही कामे एकत्र आली आहेत. जुन्या रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत हा भेद खर्चाच्या भेदापेक्षा मोठा आहे. मूठ एका स्क्रूवर निघते. जुनी मूठ कागदात गुंडाळून कपाटात ठेवली की बंदुकीचे काही बिघडत नाही. लाकडी मॅग्ना मूठ दिसायला सुंदर असते, पण चापाच्या कमानीमागे पोकळी राहते आणि धक्क्यानिशी कमान मधल्या बोटावर आपटते. ती पोकळी भरणारा धातूचा छोटा तुकडा मिळतो, किंवा रबरी मूठ बसवता येते. रबरी मूठ कुरूप दिसते, हे मान्य. मी स्वतः ती रेंजपुरती वापरतो. मुठीच्या स्क्रूभोवती लाकडात हिऱ्याच्या आकाराची चौकट असेल तर ती १९६८ पूर्वीची असण्याचा संभव आहे आणि तिला स्वतंत्र किंमत येते, तेव्हा ती घासून-पॉलिश करून ‘नवी’ करण्याचा मोह आवरावा.

नळी कापल्यावर परत जोडता येत नाही. शिवाय चार इंची मॉडेल २८ कारखान्यातूनच निघत असे. आपले विकून ते घेणे स्वस्त पडेल. निकेलचेही तसेच. मॉडेल २८ची ओळखच मुळी त्या मंद काळसर झिलईत आहे, आणि नव्या मुलाम्यासाठी पॉलिश करताना अक्षरांच्या कडा गोल होतात, साइडप्लेटचा (फ्रेमच्या बाजूच्या झाकणाचा) सांधा, जो मुळात केसाएवढा बारीक असतो, तो ठळक दिसू लागतो. आणखी एक कायदेशीर बाब अशी, की पन्नास वर्षे पूर्ण झालेली बंदूक मूळ रूपात असेल तर ती ‘क्युरिओ’ (संग्राह्य जुनी वस्तू) वर्गात येते आणि संग्राहकाचा परवाना असणाऱ्याला ती घेणे-देणे सुलभ जाते. रूप बदलले की तो लाभ धोक्यात येतो.

चापाच्या कामाविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण जास्तीत जास्त बंदुका इथेच बिघडतात. आपल्याला प्रत्यक्षात हवा असतो गुळगुळीत चाप, आणि आपण मागतो हलका चाप. गुळगुळीतपणा बराचसा स्वच्छतेतून येतो. चाळीस-पन्नास वर्षांचे तेल आत वाळून राळेसारखे झालेले असते, आणि एखाद्या गनस्मिथने (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराने) बंदूक उघडून, धुऊन, योग्य ठिकाणी तेलाचा थेंब दिला की मालकाला चाप अर्धा झाल्यासारखा वाटतो. त्याउपर हवे असल्यास रिबाउंड स्प्रिंग (चाप पुन्हा पुढे आणणारी) थोडी सौम्य बसवता येते, तीही मूळ स्प्रिंग जपून. मुठीच्या पुढच्या कडेला असलेला मुख्य स्प्रिंगचा स्क्रू मात्र नेहमी पूर्ण घट्ट असावा. तो सैल करून चाप हलका करण्याचा उपाय घरोघरी केला जातो, आणि मग काडतुसाच्या टोपीवर घाव हलका पडतो व फैर झडत नाही. हॅमरच्या खाचेवर कानस किंवा पॉलिशचा दगड स्वतः कधीही लावू नये. तिथला कठीण थर पातळ असतो, आणि वर न्यू जर्सीच्या उत्तरातील हॅमर निसटणारी बंदूक अशीच तयार होते.

साइडप्लेट उघडण्याची वेळ आलीच, तर स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा समांतर पात्याचा ड्रायव्हर वापरावा आणि प्लेट कधीही उचकटू नये. स्क्रू काढून मुठीच्या पोलादी चौकटीवर लाकडी मुठीच्या ड्रायव्हरने हलकेच ठोकत राहिले की ती आपोआप वर येते. आत एक लांब पातळ पट्टी असते, जी हॅमर आणि फ्रेम यांच्यामध्ये उभी राहून बंदूक पडल्यास फैर झडू देत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, खाली पडलेल्या रिव्हॉल्व्हरने एका खलाशाचा जीव घेतल्यानंतर कंपनीने ही पट्टी आणली. हौशी माणसाकडून जोडणी करताना हीच पट्टी बाहेर राहून जाते, आणि ती नसली तरी बंदूक नेहमीसारखीच चालत असल्याने कोणाच्या लक्षात येत नाही. जुने रिव्हॉल्व्हर घेतल्यावर एकदा गनस्मिथकडून ती जागेवर आहे याची खात्री करून घ्यावी.

वर्षभराने आपले मत बदलले नाही, तर पुढच्या साइटला रंग द्यावा. उरलेल्या पैशाची काडतुसे घ्यावीत.

प्रश्न : मॉडेल २९ घेतले, पण पहिल्या सहा फैरींनंतर हात आपोआप खाली झुकू लागला आणि आता निशाणा लागतच नाही. सवय होईल का? (फिनिक्स, ॲरिझोना)

सवय होते आहे, पण दचकण्याची. ती आधी मोडावी लागेल.

.४४ मॅग्नमची २४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळी सेकंदाला सुमारे १,३५० ते १,४०० फूट वेगाने निघते. जवळपास त्याच वजनाची .४४ स्पेशलची गोळी साधारण साडेसातशे फुटांनी जाते, म्हणजे ऊर्जेत तिपटीहून अधिक तफावत आहे. दोन्ही काडतुसे आपल्या बंदुकीत चालतात. तेव्हा पुढचे काही महिने फक्त .४४ स्पेशल वापरावे. डोळ्यांवर चष्मा, आणि कानांत बोंडे घालून त्यावर मफ, असे दुहेरी संरक्षण घ्यावे. दचकण्याचे निम्मे कारण आवाज असतो, धक्का नव्हे.

मूठ शक्य तितकी वर धरावी, म्हणजे नळी आणि मनगट यांतले अंतर कमी होऊन बंदूक कमी उसळते. डाव्या हाताचा अंगठा सिलिंडरच्या पुढच्या फटीजवळ कदापि नको. तिथून निघणारी तप्त हवा व शिशाचे कण मांस कापतात. चाप दुहेरी क्रियेत, म्हणजे हॅमर आधी न चढवता, एकाच सलग गतीने ओढायला शिकावे. सुरुवातीला अवघड वाटेल, पण फैर नेमकी केव्हा झडणार हे मेंदूला आधी कळत नसल्यामुळे दचकणे कमी होते. घरी बनावट काडतुसे घालून, खऱ्या काडतुसांची पेटी दुसऱ्या खोलीत ठेवून, भक्कम भिंतीकडे तोंड करून हाच सराव करता येतो.

रेंजवर सोबत्याला सहा घरांत दोन-तीन बनावट काडतुसे आपल्या नकळत मिसळून द्यायला सांगावे. बनावट काडतुसावर हॅमर पडला आणि नळी खाली झुकली, तर दोष तिथेच सर्वांसमोर दिसतो. याहून प्रामाणिक शिक्षक मला माहीत नाही.

दोन खबरदाऱ्या. आखूड काडतुसे बरीच उडवल्यावर घरांमध्ये काजळीचे कडे साचते आणि मग लांब मॅग्नम काडतूस नीट आत जात नाही, म्हणून काडतूस बदलताना घरे ब्रशने साफ करावीत. दुसरी, पुढे मॅग्नम वापरू लागल्यावर, धक्क्याने न उडालेल्या काडतुसांतील गोळी पुढे सरकून सिलिंडर अडू शकतो. अडला तर जोर लावू नये, नळी लक्ष्याकडेच ठेवून रेंज अधिकाऱ्याला बोलवावे. फैर झडताना आवाज फुसका आला तर लगेच थांबावे, कारण गोळी नळीतच अडकलेली असू शकते. रेंजवरून आल्यावर खाण्यापूर्वी हात थंड पाण्याने व साबणाने धुवावेत, अंगातले कपडे वेगळे टाकावेत. घरात लहान मूल असेल तर शिशाच्या धुळीबाबत हयगय नको.

प्रश्न : आजोबा सैन्यात होते. त्यांचे वेब्ली मार्क ६ रिव्हॉल्व्हर वडिलांच्या परवान्यावर होते. वडील नुकतेच गेले. ते दुरुस्त करून, नवे काडतूस चालेल असे करून ठेवावे असे वाटते. (सातारा)

आधी शस्त्राच्या ताब्याचे पाहावे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर ते घरात ठेवून देणे कायदेशीर नाही. शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि वारस म्हणून परवान्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका बाळगता येतात आणि ही मर्यादा वारसाहक्काच्या शस्त्रांनाही लागू आहे. या शस्त्राचे कॅलिबर प्रतिबंधित वर्गात येते का, हे त्याच कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे.

नव्या काडतुसासाठी बदल मात्र करू नये. मार्क ६ हे १९१५ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेले, .४५५ काडतुसाचे, मधोमध मोडून उघडणारे रिव्हॉल्व्हर आहे. अशी पुष्कळ रिव्हॉल्व्हरे पुढे अमेरिकेत गेली आणि तिथे सिलिंडर मागून तासून ती .४५ एसीपी घेतील अशी केली गेली. त्या काडतुसाचा दाब .४५५ पेक्षा कितीतरी अधिक असतो. सिलिंडर फुटल्याची उदाहरणे आहेत. आपल्याकडे असा बदल किंवा दुरुस्तीही केवळ त्यासाठी परवाना असलेल्या कारागिरानेच करायची असते. जमा करण्यापूर्वी शस्त्रावरचा क्रमांक आणि परवान्यावरचा क्रमांक जुळतो का ते पाहावे, आणि परवान्याची, पावतीची व आजोबांच्या सेवापुस्तिकेची एकेक प्रत अर्जासोबत जोडावी.